एका गुडघ्याला मंजुरी

"रुग्ण हाच आपल्या सगळ्या धोरणांचा केंद्रबिंदू आहे," भटनागर सर म्हणाले आणि क्षणभर थांबले. ते आमच्या समितीचे अध्यक्ष; बैठकीचे मिनिट्स लिहिणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून ते असे थांबतात. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "रामटेके मॅडम, प्लीज," आणि मी पहिली स्लाइड लावली. स्लाइडवर एक तक्ता होता. तक्त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं: खर्च, दर गुडघा.

कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही.

मी दिल्लीत एका सरकारी तांत्रिक कक्षात हेल्थ इकॉनॉमिस्ट आहे. नागपूरचे नातेवाईक मला डॉक्टर समजतात आणि लग्नात भेटले की बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारतात. माझं काम त्यापेक्षा कोरडं आहे. एखादा उपचार सरकारी योजनेत घ्यायचा की नाही असा प्रश्न आला, की दोन गोष्टी काढायच्या. आताच्या उपचारापेक्षा जास्तीचा खर्च किती, आणि जास्तीचा फायदा किती. फायदा मोजायला आमच्याकडे एक माप आहे. धडधाकट जगलेल्या एका वर्षाला एक गुण. दुखत, लंगडत, अंथरुणाला खिळून काढलेल्या वर्षाला त्याहून कमी, जसं दुखणं तसा. मग खर्चाला फायद्याने भागायचं. उत्तर ठरलेल्या रेषेच्या खाली आलं तर उपचार 'परवडणारा', वर गेलं तर नाही. हा भागाकार करण्यासाठी सरकार मला पगार देतं.

या वेळचा प्रश्न हिमोफिलियाच्या रुग्णांचे गुडघे बदलण्याचा होता.

हिमोफिलिया म्हणजे रक्त गोठवणारं एक प्रथिन शरीरात जन्मापासून कमी असणं किंवा नसणं. त्या प्रथिनाला फॅक्टर म्हणतात. लोकांना वाटतं की अशा माणसाला सुई टोचली तरी तो रक्त वाहून मरेल. प्रत्यक्षात त्रास आत होतो. लहानपणापासून सांध्यांमध्ये, विशेषतः गुडघ्यात, पुन्हा पुन्हा रक्त साचतं. सांधा झिजतो, आखडतो, वाकलेला राहतो. तिशीत माणसाला ऐंशीचा गुडघा मिळतो. तो काढून कृत्रिम बसवता येतो, जसा आजी-आजोबांना बसवतात. फरक एवढाच की ऑपरेशनच्या वेळी आणि त्यानंतर बरेच दिवस फॅक्टरची इंजेक्शनं द्यावी लागतात, नाहीतर जखम भरतच नाही. आणि फॅक्टर महाग. इतका महाग की सर्जन, ऑपरेशन थिएटर, खाट आणि खुद्द कृत्रिम गुडघा, सगळे मिळून त्याच्याशेजारी चिल्लर वाटतात.

म्हणून समिती. समितीचं काम, हे योजनेत बसवावं का ते सांगणं.

आमचा हिशेब असा निघाला होता: एक गुडघा बदलला तर उत्तर रेषेच्या जरा खाली. बदललेल्या सांध्यात पुढे फारसं रक्त साचत नाही, त्यामुळे नंतरचा फॅक्टरही वाचतो. पण दोन्ही गुडघे म्हटले की खर्च दुप्पट आणि दुसऱ्या गुडघ्याचा फायदा पहिल्याइतका नाही. उत्तर रेषेच्या वर. मसुदा मी वाचून दाखवला: एका रुग्णास एका गुडघ्यासाठी मंजुरी द्यावी, दुसऱ्याचा विचार एका वर्षानंतर स्वतंत्रपणे करावा.

"बहुत बॅलन्स्ड," भटनागर सर म्हणाले. सरकारात दोन्ही बाजूंना अर्धं-अर्धं देणारं उत्तर गणित न करताही बरोबर मानलं जातं. इथे तर गणितही केलेलं होतं.

"पेशंट रिप्रेझेंटेटिव्हला काही म्हणायचंय?"

पेशंट रिप्रेझेंटेटिव्ह म्हणजे मनीष. पस्तिशीचा, पानिपतला एका कारखान्यात सतरंज्यांची डिझाइनं करतो. पानिपत म्हटलं की आम्ही मराठी माणसं उगाच गंभीर होतो. आमच्याकडे ते गावाचं नाव नाही, निकालाचं नाव आहे. मनीषने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की त्याच्या गावात लोक त्या विषयाचा फार विचार करत नाहीत, ब्लँकेटच्या ऑर्डरींचा करतात.

त्याला स्वतः हिमोफिलिया होता आणि रुग्णांच्या संघटनेने त्याला पाठवलं होतं. सकाळी सगळ्या सदस्यांकडून 'या विषयात माझे वैयक्तिक हितसंबंध नाहीत' असं लिहून घेतलं, तेव्हा त्याने पेन खाली ठेवून विचारलं होतं, "सर, हितसंबंध में दो घुटने हैं. लिख दूँ?" त्यावर काय करायचं हे नियमात नव्हतं. त्याला सही न करता बसू दिलं.

विनोद सोडला तर परिस्थिती अशी होती. त्याचं नाव एका सरकारी हॉस्पिटलच्या ऑपरेशनच्या यादीत होतं आणि ती यादी या समितीच्या निर्णयासाठी थांबली होती. समितीत बसलेले ऑर्थोपेडिक सर्जन डॉ. खन्ना त्याचेच डॉक्टर. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं की त्याचे गुडघे दर वर्षी आणखी आखडत चाललेत. आणखी थोडे वाकले की शस्त्रक्रियेने सरळ करणं फार अवघड होईल आणि मग व्हीलचेअर.

"सर, एकच सवाल," मनीष म्हणाला. "कौन सा?"

"म्हणजे?"

"घुटना. कौन सा मंजूर हुआ?"

"जो ज्यादा खराब हो," भटनागर सर म्हणाले.

"दोनों जुड़वाँ हैं, सर."

कुणीतरी हसलं. मनीष कुबड्यांवर उठून उभा राहिला. दोन्ही गुडघे वाकलेले, जणू खुर्चीवर बसता बसता कुणीतरी त्याला थांबवलं होतं. "अभी मैं ऐसे चलता हूँ. दोनों टेढ़े, तो हिसाब बराबर. आप एक सीधा कर देंगे. एक टाँग लंबी, एक छोटी. फिर एक साल चलूँगा कैसे?"

भटनागर सरांनी डॉ. खन्नांकडे पाहिलं.

"जूते में हील लगा देते हैं," डॉ. खन्ना म्हणाले. मग जरा थांबून, "पण नवा गुडघा सरळ राहायला चालावं लागतं. दुसरा पाय वाकडा असेल तर पेशंट नवा गुडघाही वाकवूनच उभा राहतो. कधी कधी तो पुन्हा आखडतो."

"ये तो टेक्निकल पॉइंट है," भटनागर सर म्हणाले. "मॅडम, जरा देख लीजिए. अगली मीटिंग में." आणि चहा आला.

त्या संध्याकाळी घरी मी एक गुडघा वाकवून बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत चालून पाहिलं. मग दोन्ही वाकवून. दोन्ही वाकवून चालणं विचित्र दिसतं, पण जमतं. एकच वाकवला की चौथ्या पावलाला कंबर तक्रार करते. नवऱ्याने पेपरमधून डोकं वर काढलं.

"काही हरवलंय का?"

"नाही. काम करतेय."

"अच्छा," तो म्हणाला आणि पुन्हा पेपरात गेला. तो केंद्र सरकारातच आहे, त्याला नवल वाटत नाही.

म्हणजे दोन्ही गुडघे गेलेल्या माणसाचा एकच गुडघा बदलला, तर फायदा आम्ही धरला होता त्याहून बराच कमी. आमचा आकडा ज्याचा दुसरा पाय धड आहे अशा माणसाचा होता. ही दुरुस्ती करायला तासभरही लागला नाही. केली, आणि मनीषसाठी निकाल आणखी वाईट झाला. आता एक गुडघाही परवडेना, दोन तर नाहीच. अंकगणिताने त्याला थेट व्हीलचेअरवर बसवलं.

माझ्या धंद्यात असं उत्तर आलं की दोन मार्ग असतात. उत्तर खरं मानून दुःख व्यक्त करायचं, किंवा कुठला आकडा कुठून आला ते मागे जाऊन बघायचं. दुःख व्यक्त करायला समितीत माझ्यापेक्षा अनुभवी लोक होते. मी मागे गेले.

सगळ्यात मोठा आकडा फॅक्टरचा. म्हणून मीनलताईकडे गेले. डॉ. मीनल देशमुख एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात रक्तविकारतज्ज्ञ आहेत. आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, पोह्यांच्या पातेल्यापाशी झालेली. त्या कुणालाही अगं-अरे करतात, संचालकांनासुद्धा.

"ये गं. किती वेळ आहे तुझ्याकडे? माझ्याकडे नाहीये."

"ताई, एकच विचारायचंय. एका गुडघ्याला जेवढा फॅक्टर लागतो, दोन्ही एकदम केले तर त्याच्या दुप्पट लागतो ना?"

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "दुप्पट कशाला लागेल?"

"दोन गुडघे म्हणून."

"अगं वैशाली, फॅक्टर गुडघ्यात नाही देत. शिरेतून देतो. तो रक्तात जातो. रक्तातली पातळी एकदा वर नेली की ती गुडघ्याला, कोपराला, दाढेला, सगळ्यांना सारखीच. दोन जखमा आहेत, फिजिओ जास्त करावा लागतो, म्हणून थोडा जास्त लागेल. दुप्पट कशाला?"

"मग दोन्ही गुडघे वर्षाच्या अंतराने केले तर?"

"तर सगळा कोर्स दोनदा. आणि दोनदा देणं म्हणजे उधळपट्टी, यार. आम्ही तर उलटं करतो. एखाद्याचं ऑपरेशन ठरलं ना, की मी यादीच करते, याचं आणखी काय काय राहिलंय. गेल्या खेपेला एकाचा गुडघा होता. त्याच्या दोन अक्कलदाढा आणि हर्निया त्याच दिवसांत उरकून घेतला. तो घरी जाताना म्हणाला, मॅडम, मोतीबिंदू असता तर तोही आणला असता."

आपल्याकडे कुकर लावतात तसं हे आहे. खाली डाळ, वर भात, त्याच्यावर बटाटे. गॅस एकदाच. डब्यागणिक वेगळा गॅस कुणी धरत नाही. आमचा तक्ता मात्र धरत होता.

"मग तुम्ही समितीला हे सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलं? मला पत्र आलं, एका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेस लागणारा फॅक्टर कळवावा. मी कळवला. बरोबर कळवला होता ना?"

अगदी बरोबर कळवला होता. आम्ही त्याला दोनने गुणलं होतं. असं का केलं, हे शोधायला मला दोन दिवस कार्यालयात फिरावं लागलं, आणि खरं सांगायचं तर त्यात मजा आली. योजनेच्या दरपत्रकात गुडघा बदलण्याचं पॅकेज 'एक गुडघा' असं असतं, कारण कृत्रिम गुडघा एकेक विकत मिळतो. दरपत्रकाच्या खाली एक नियम होता: एका भरतीत एकच सांधा. तो गैरवापर रोखण्यासाठी, गरज नसताना कुणी दुसराही गुडघा कापू नये म्हणून. म्हातारपणाच्या गुडघ्यांसाठी या दोन्ही गोष्टी चालून जातात, कारण तिथे फॅक्टर नसतो. दरपत्रकावरून आमचा तक्ता झाला, तक्त्यावरून प्रश्न, प्रश्नावरून मीनलताईंना पत्र. वाटेत कुठेतरी माणूस सुटला आणि गुडघा एकटाच पुढे आला.

मी तक्ता नव्याने केला. डोक्यावर लिहिलं: खर्च, दर माणूस. दोन्ही गुडघे एकाच भरतीत, फॅक्टर एकदाच. खर्च एका गुडघ्यापेक्षा जास्त, पण दुपटीच्या आसपासही नाही. फायदा मात्र एका गुडघ्याच्या कितीतरी पट, कारण दोन्ही वाकलेल्या माणसाला एका गुडघ्याने जवळजवळ काही मिळतच नव्हतं. उत्तर रेषेच्या बरंच खाली आलं. इतकं, की मला संशय आला. मग आकडे एकेक करून वाईट धरून पाहिले: ऑपरेशन बिघडलं तर, जंतुसंसर्ग झाला तर, पेशंट फिजिओला आलाच नाही तर. याला आम्ही सेन्सिटिव्हिटी अॅनालिसिस म्हणतो. साध्या भाषेत, पूल बांधला की त्यावर उड्या मारून पाहणं. पूल हलला, पडला नाही.

पुढच्या मीटिंगला वित्त विभागाचे मेहताजी आले होते. मागच्या वेळी ते नव्हते. ते शांत गृहस्थ आहेत. ज्या मीटिंगमध्ये पैसे वाचणार असतात तिथे ते येत नाहीत.

"मॅडम, रूल में क्लिअर है. एक अॅडमिशन, एक जॉइंट," ते म्हणाले.

"रूल पैसे वाचवायला आहे ना, सर?"

"ऑफ कोर्स."

"या पेशंटांच्या बाबतीत तो रूल पाळला की फॅक्टरचा कोर्स दोनदा जातो. म्हणजे सगळ्यात महाग गोष्ट दोनदा, आणि सगळ्यात स्वस्त गोष्टीवर लक्ष."

मेहताजींनी तक्ता जवळ ओढला आणि बराच वेळ वाचला. डॉ. खन्नांनी तेवढ्यात आपली बाजू मांडली. दोन्ही गुडघे एकदम करणं सगळ्यांना झेपत नाही, भूल जास्त वेळ द्यावी लागते, हृदय-फुप्फुसं नीट हवीत. आणि काही रुग्णांच्या शरीरात फॅक्टरविरुद्धच प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. त्यांना फॅक्टर लागूच पडत नाही, त्यांचा विचार वेगळा. हे त्यांनी सांगितलं ते बरंच झालं. त्याआधी माझ्या स्लाइडचा सूर जरा विजयी झाला होता.

"पर लिखेंगे कैसे?" भटनागर सर म्हणाले. त्यांची खरी अडचण आता पुढे आली. "सरकार दोनों घुटने दे रही है, एक साथ. कल ऑडिट पूछेगा, एक से काम क्यों नहीं चला?"

"सर, एक-एक करून दिले तर ऑडिट विचारेल फॅक्टर दोनदा का गेला."

भटनागर सर मेहताजींकडे बघत होते. कुठला आक्षेप मोठा, याचा तो क्षण होता. माझ्या सगळ्या स्लाइड्सनी जे केलं नव्हतं ते या तुलनेने केलं.

"दूसरा वाला ज्यादा खराब है," मेहताजी म्हणाले. आक्षेपाबद्दल.

मनीष कोपऱ्यात बसला होता. "सर, मैंने तो पहले ही कहा था, दोनों एक जैसे हैं," तो म्हणाला, पण कुणी लक्ष दिलं नाही. शिफारस लिहिली जात होती. 'वैद्यकीय पथकाच्या मते योग्य असल्यास एकाच भरतीत व फॅक्टरच्या एकाच कोर्समध्ये दोन्ही सांधे.' गैरवापर नको म्हणून त्यात मेहताजींनी तीन डॉक्टरांच्या सह्यांची अट घातली. तिसरा डॉक्टर कशासाठी, हे मी विचारलं नाही. प्रत्येक चांगल्या निर्णयाला एक अनावश्यक सही लागते. घासाघीस करायची तर ती दुसऱ्या ठिकाणी करावी.

मनीषचं ऑपरेशन त्या हिवाळ्यात झालं. सोपं नव्हतं. डावा गुडघा ठीक होता, उजव्याच्या जखमेने डॉ. खन्नांना आठवडाभर काळजीत ठेवलं. फिजिओच्या काळात मनीषने मला फोनवर सांगितलं की डॉक्टर हलक्या हाताचे आहेत, फिजिओवाली मॅडम मात्र पानिपतच्या लढाईला नेण्यासारखी आहे. मग फोन कमी झाले. लोक बरे होऊ लागले की तसंच होतं.

या प्रकरणातून मी शिकले ते फार थोर नाही. वर्षभर आम्ही भागाकारात कुठले आकडे घालायचे यावर भांडलो. फॅक्टरची किंमत कुठली धरायची, वेदना कशी मोजायची, पुढच्या वर्षांची किंमत आज किती. तक्त्याच्या डोक्यावर 'दर' या शब्दापुढे काय लिहिलंय ते कुणी वाचलं नव्हतं. आता कुठलाही तक्ता आला की मी आधी ते वाचते. बहुतेक वेळा तिथे बरोबर गोष्ट लिहिलेली असते आणि माझा वेळ फुकट जातो.

उन्हाळ्यात आढावा बैठक झाली. मनीष अर्धा तास उशिरा आला. कुबड्या नव्हत्या, हातात एक काठी आणि एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी. तो दारातून आत चालत आला तेव्हा मला तो आधी ओळखूच आला नाही. भटनागर सर उठून उभे राहिले. मी त्यांना मंत्री सोडून दुसऱ्या कुणासाठी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. ते हेलावले होते, आणि ते खोटं नव्हतं.

"मनीषजी," ते म्हणाले, आणि मिनिट्स लिहिणाऱ्याने पेन उचललं. "हम रिपोर्ट में आपके शब्द लेना चाहते हैं. इस ऑपरेशन से आपके जीवन में सबसे बड़ा परिवर्तन क्या आया?"

मनीषने खरोखर विचार केला.

"सर, टाँगें सीधी हो गईं तो मैं लंबा हो गया," तो म्हणाला. "घर की सारी पैंटें छोटी पड़ गईं. अभी सरोजिनी नगर मार्केट से चार लेकर आ रहा हूँ, इसीलिए देर हुई."

मिनिट्समध्ये 'जीवनमानात लक्षणीय सुधारणा' असं लिहिलं गेलं. पँटचा खर्च आमच्या हिशेबात नाही.